मार्कसाठी दिलेला जामीन : बर्णबाच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

मंडळीत ‘उत्तेजन’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. उपासना संपल्यावर दाराशी हात हातात घेऊन “धीर धरा, प्रार्थनेत आठवण ठेवतो” असे म्हणणे, आजाऱ्याच्या उशाशी बसून एखादे गीत गाणे, कोणाची साक्ष ऐकून दोन चांगले शब्द बोलणे, हे सगळे त्या शब्दात बसते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु एखादा माणूस अंगावर घेतलेली जबाबदारी मध्येच टाकून निघून गेला, त्यामुळे बरोबरच्यांना त्रास झाला, आणि काही काळाने तोच माणूस पुन्हा त्याच कामासाठी समोर उभा राहिला, तर त्याला उत्तेजन देणे म्हणजे नेमके काय करणे, असा प्रश्न आला की या सवयीच्या कृती अपुऱ्या पडतात. मंडळीच्या पंचांना आणि पाळकांना हा प्रश्न वारंवार पडतो. पहिल्या शतकातील मंडळीलाही तो पडला होता, आणि त्यावर तिथल्या पौल व बर्णबा या दोन सर्वांत अनुभवी माणसांचे इतके बिनसले की त्यांचे मार्ग वेगळे झाले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील शेवटच्या सहा वचनांत ही घटना आली आहे. तिचा अभ्यास प्रवचनासाठी नेहमी होतो. येथे तो एक प्रकरण म्हणून, दोन्ही बाजू मांडून आणि पुढे काय झाले हे पत्रांतून तपासून करायचा आहे.

प्रकरणातील माणसे

बर्णबाचे मूळ नाव योसेफ. तो कुप्र बेटावरचा लेवी होता. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली आणि त्या नावाचा अर्थ या पुस्तकाचा लेखक लूक याने लगेच ग्रीकमध्ये सांगितला. आपल्या जुन्या मराठी शास्त्रात तो अर्थ ‘बोधपुत्र’ असा आहे. मूळ ग्रीक शब्दात बोध, सांत्वन, उत्तेजन आणि कळकळीची विनंती या सगळ्या छटा एकत्र आहेत, त्यामुळे ‘बोधपुत्र’ हे भाषांतर चुकीचे नाही; तरी मराठी कानाला ‘बोध’ म्हटले की उपदेश ऐकू येतो आणि उपदेश करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. येथेच वाचकाची गल्लत होते, कारण संपूर्ण ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचून काढले तरी एकट्या बर्णबाच्या तोंडचे एकही वाक्य लूकने त्याच्या शब्दांत दिलेले नाही. जिथे त्याचे बोलणे शब्दशः आले आहे तिथे ते पौल आणि बर्णबा या दोघांचे मिळून आहे. ज्याचे नावच बोधावरून पडले, त्याची नोंद लूकने कृतींनी केली.

त्या कृती अशा. पहिल्यांदा त्याने शेत विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवला. नंतर, मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, पालटून यरुशलेमला आला, तेव्हा सगळे त्याला भीत होते आणि तो खरोखर शिष्य झाला आहे यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. त्या वेळी बर्णबाने त्याला बरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले आणि दिमिष्काच्या वाटेवर काय घडले ते त्याच्या वतीने सांगितले. आपल्याकडे याला ‘शब्द टाकणे’ म्हणतात. शब्द टाकणाऱ्याची पत पणाला लागते. ज्याच्यासाठी टाकला तो खोटा निघाला, तर पुढच्या वेळी शब्दाला वजन राहत नाही. बर्णबाच्या शब्दाला वजन कशामुळे होते, याचे उत्तर बहुधा त्या विकलेल्या शेतात आहे.

काही वर्षांनी सूरियातील अंत्युखियात परराष्ट्रीयांनीही, म्हणजे यहूदी नसलेल्यांनीही, विश्वास धरल्याची बातमी यरुशलेमला पोहोचली. चौकशीसाठी पाठवला गेला तो बर्णबाच. तिथले काम पाहून तो आनंदला, आणि मग त्याने एक अनपेक्षित गोष्ट केली : तो तार्सला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. लूकने वापरलेल्या क्रियापदात हुडकून काढण्याचा भाव आहे, पत्ता माहीत असलेल्या माणसाला भेटण्याचा नाही. अंत्युखियाहून तार्स सुमारे दोनशे किलोमीटर. वाढणारे काम एकट्याच्या हाती ठेवता आले असते. त्याऐवजी त्याने आपल्याहून सरस शिकवणारा माणूस स्वतः जाऊन आणला आणि दोघांनी तिथे वर्षभर शिकवले.

मार्क हा या प्रकरणातील तिसरा माणूस. त्याचे दुसरे नाव योहान. त्याची आई मरीया यरुशलेमला राहत होती आणि तिचे घर मंडळीच्या प्रार्थनेची जागा होते. तुरुंगातून सुटलेला पेत्र रात्री थेट त्याच घरी आला. दार वाजले, आतली मुलगी आवाज ओळखून आनंदाने आत पळाली आणि दार उघडायचे राहूनच गेले, असे लूक सांगतो. मार्क अशा घरात वाढला. तो बर्णबाचा भाऊ लागत होता, पण आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ की चुलतभाऊ, हे ग्रीक शब्दावरून ठरत नाही; मराठीत मात्र नाते सांगायचे तर यांतला एक शब्द निवडावाच लागतो, आणि म्हणून भाषांतरकाराची येथे थोडी अडचण होते. हे नाते प्रकरणात महत्त्वाचे आहे. बर्णबाने मार्कची बाजू घेतली तेव्हा ‘घरचा माणूस म्हणून’ हा आरोप कोणाच्या तोंडी आला नसेल, असे मानणे कठीण आहे.

पिर्गा येथे काय झाले

क्लौद्य कैसराच्या काळात, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ या कारकिर्दीत, मोठा दुष्काळ पडला. अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयातील भावांसाठी मदत पाठवली ती बर्णबा आणि शौल यांच्या हाती. परतताना त्यांनी मार्कला बरोबर आणले. त्यानंतर साधारण इ. स. ४६ ते ४८ च्या सुमारास या दोघांचा पहिला मोठा प्रवास झाला आणि मार्क त्यात मदतनीस होता. ते कुप्र बेटावर सलमीनापासून पफेपर्यंत गेले आणि तिथून समुद्रमार्गे पंफुल्यातील पिर्ग्याला पोहोचले. तिथे मार्क त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. लूकने यासाठी एक ओळ खर्च केली आहे आणि कारण दिलेले नाही.

कारणाविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत. पुढे तोरस पर्वताची वाट होती आणि पिसिदियातील अंत्युखिया हे गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर होते; वाटेत दरोडेखोरांचा आणि नद्यांचा धोका होता. आशिया मायनरच्या प्राचीन स्थळांचे अभ्यासक विल्यम रॅम्से यांनी असे सुचवले की पौल या सखल, दमट किनाऱ्यावर हिवतापाने आजारी पडला आणि म्हणून डोंगराकडे वळला; तसे असेल तर बेत अचानक बदलल्याने मार्क बिचकला असणे शक्य आहे. दुसरा तर्क मला अधिक मानवी वाटतो. प्रवास सुरू झाला तेव्हा नावांचा क्रम ‘बर्णबा व शौल’ असा होता. पफे सोडताना लूक ‘पौल व त्याचे सोबती’ असे लिहितो, आणि लगेच त्याच वाक्यात मार्क परत जातो. ज्या भावाच्या भरवशावर घर सोडले तो भाऊ ‘सोबत्यां’मध्ये जमा झाला, हे तरुण मार्कला रुचले नसेल. अर्थात हा तर्कच. पुढच्या चर्चेसाठी एवढे पुरे आहे की मार्क गेला, आणि राहिलेल्या दोघांना पुढे मोठा छळ सोसावा लागला. लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाला आणि मेला असे समजून लोकांनी त्याला ओढत गावाबाहेर टाकले. उरलेले काम दोन माणसांनी केले, जे तिघांचे ठरले होते.

निर्णयाची वेळ

परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना यहूदी नियमशास्त्र लागू करावे का, हे ठरवणारी यरुशलेमची परिषद साधारण इ. स. ४९ मध्ये झाली. ती संपवून दोघे अंत्युखियाला परतले आणि काही दिवसांनी पौलाने सुचवले की ज्या ज्या नगरांत वचन सांगितले तिथल्या बंधूंची पुन्हा भेट घ्यावी. बर्णबाची मार्कला बरोबर नेण्याची इच्छा होती. पौलाला ते पटले नाही. येथे लूकच्या शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. पिर्ग्याच्या प्रसंगी त्याने मार्कच्या जाण्याला ‘निघून गेला’ एवढाच साधा शब्द वापरला होता. येथे पौलाची बाजू सांगताना मात्र जो शब्द येतो त्याच धातूपासून पुढे ‘धर्मत्याग’ या अर्थाचा ग्रीक शब्द आला. एकच घटना, पण दोन शब्द : एक नोंद ठेवणाऱ्याचा, दुसरा ज्याला टाकून गेले त्याचा. शिवाय दोघांच्याही भूमिकेसाठी ग्रीकमध्ये चालू क्रिया दाखवणारा काळ आहे. म्हणजे हा एका बैठकीत झालेला नकार नव्हता. एक जण आग्रह धरून राहिला आणि दुसरा नकार धरून राहिला.

शेवटी दोघांत तीव्र वाद झाला. या वादासाठी लूकने योजलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोन ठिकाणी येतो. वैद्यकीय लिखाणात तो तापाच्या उबाळ्यासाठी वापरत. दुसरे ठिकाण इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे लेखक मंडळीला सांगतो की प्रीती व सत्कर्मे यांसाठी एकमेकांस उत्तेजन मिळेल असे एकमेकांकडे लक्ष द्या. ज्या शब्दाने अंत्युखियातले भांडण सांगितले त्याच शब्दाने इब्री पत्र उत्तेजन सांगते. मराठीत ‘चेतवणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते : चूलही चेतवतात आणि भांडणही. या दोन वचनांचा लेखकांनी मुद्दाम मेळ घातला असे मी म्हणणार नाही, पण मंडळीत ज्याला उत्तेजन म्हणतात ते नेहमी गोड असते हा समज मात्र या एका शब्दाने डळमळीत होतो.

पौलाचे म्हणणे चुकीचे होते का? प्रवचनांतून त्याला हट्टी ठरवण्याची चाल आहे आणि ती मला अन्यायकारक वाटते. ज्या मंडळ्यांकडे जायचे होते त्या नव्या होत्या, वाटेत दगडमार झालेला होता, आणि अशा कामात मदतनीस मध्येच निघून गेला तर भार कोणावर पडतो हे पौलाला अनुभवाने ठाऊक होते. मार्कविषयी त्याच्या मनात राग असेल, पण त्याने मांडलेला मुद्दा कामाचा होता. एखाद्याला पुन्हा जबाबदारी देताना त्या जबाबदारीवर अवलंबून असलेल्या इतर माणसांचा विचार आधी करणे हे पंचांचे कर्तव्यच आहे, आणि ‘क्षमा करा’ एवढे म्हणून तो विचार बाजूला सारता येत नाही. क्षमा आणि नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बर्णबाचा मुद्दा लूकने दिलेलाच नाही. त्याने काय केले ते दिले आहे : मार्कला बरोबर घेऊन तो तारवात बसून कुप्रला गेला. या एका वाक्यात माझ्या मते प्रकरणाचे सगळे मर्म आहे. त्याने पौलाला बदलायला भाग पाडले नाही आणि मंडळीकडे दादही मागितली नाही. पौलाच्या मोहिमेवर न परवडणारा धोका त्याने स्वतःच्या मोहिमेवर घेतला. ठिकाणही विचारपूर्वक निवडलेले दिसते. कुप्र हे बर्णबाचे माहेरघर, तिथली वाट पूर्वी चाललेली, आणि विशेष म्हणजे पहिल्या प्रवासात मार्कने तोच टप्पा पूर्ण केला होता. तो जिथे गळाला त्या पिर्ग्याला त्याला परत नेले नाही. जिथे त्याचे काम नीट झाले होते तिथून त्याला पुन्हा सुरुवात करून दिली. हे धोरण म्हणून केले की सहज घडले, ते लूक सांगत नाही. पण एखाद्या खचलेल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेला पुन्हा वर्ग देताना तिला आधी कोणता वर्ग जमत होता, हे विचारण्याइतके शहाणपण आपल्याला यातून नक्की घेता येईल.

त्याची किंमतही पाहावी. पौलाने सीलाला निवडले आणि बंधूंनी त्याला प्रभूच्या कृपेवर सोपवून निरोप दिला, असे लूक लिहितो. बर्णबाच्या निरोपाविषयी तो काही लिहीत नाही. मंडळीने त्याला निरोप दिलाच नाही असा अर्थ काढणे जास्त होईल, तरी दोन वाक्यांतला फरक डोळ्यांत भरतो. आणि यानंतर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. इतिहास पौलाबरोबर लुस्त्र, फिलिप्पै, करिंथ, रोम असा पुढे जातो. पहिल्या अध्यायांत ज्याने प्रेषितांशी पौलाची गाठ घालून दिली, तो एका पडलेल्या तरुणाला घेऊन जहाजावर चढला आणि नोंदीतून बाहेर गेला.

बर्णबाची मर्यादा

हे प्रकरण एकतर्फी होऊ नये म्हणून गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्यायही वाचायला हवा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर तो भिऊन वेगळा बसू लागला, इतर यहूदी त्याच्यामागे गेले, आणि बर्णबादेखील त्यांच्या ढोंगाने ओढला गेला, असे पौल लिहितो. ‘बर्णबादेखील’ या शब्दात दुखावलेपण स्पष्ट आहे. ज्या मंडळीला बर्णबाने स्वतः वाढवले, तिच्याच पंगतीतून तो उठला. अनेक अभ्यासक ही घटना परिषदेच्या आसपासचीच मानतात, आणि ती तशी असेल तर मार्कवरून झालेल्या भांडणात ही जखमही ठसठसत असणार.

मला येथे बर्णबाच्या गुणाचीच दुसरी बाजू दिसते. समोरच्याला दुखवायचे नाही, आलेल्याला सामावून घ्यायचे, ही ज्याची वृत्ती असते त्याला ताठ उभे राहून ‘हे चालणार नाही’ म्हणणे जड जाते. यरुशलेमहून आलेल्यांना सामावून घेताना त्याने ताटावर बसलेल्या परराष्ट्रीयांना बाजूला टाकले. आपल्याकडे पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो याला किती अर्थ असतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको; पंगतीतून उठण्याचा अपमान त्याला भाष्याशिवाय कळतो. त्या दिवशी मंडळीला बर्णबाच्या मायाळूपणापेक्षा पौलाच्या कठोरपणाची गरज होती. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला खडसावले, आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना त्या दिवशी धीर मिळाला असेल तर तो त्या खडसावण्यातून.

पुढे काय झाले

कुप्रला त्या दोघांनी काय केले याची नोंद नाही. ‘बर्णबाने मार्कला घडवले’ असे सरसकट म्हटले जाते, पण मधली वर्षे रिकामी आहेत आणि परिणामावरूनच अनुमान करावे लागते. त्या परिणामाचे पुरावे पत्रांत विखुरलेले आहेत.

करिंथकरांस पहिले पत्र भांडणानंतर चार-पाच वर्षांनी लिहिले गेले. त्यात पौल स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्यांत आपल्याबरोबर बर्णबाचे नाव घेतो, तेही आदराने. म्हणजे मोहीम वेगळी झाली, तरी वैर धरले गेले नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल बंदिवान आहे. सलाम पाठवणाऱ्या सहकाऱ्यांच्या यादीत मार्क आहे, आणि त्याच ओळीत देमासही आहे. हे पत्र रोममधून गेले असे मानले तर भांडणाला एव्हाना दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पौलाने ज्याला बरोबर नेण्यास नकार दिला, त्याला आता तो ‘सहकारी’ म्हणतो.

तीमथ्याला दुसरे पत्र सांगते की देमासाने पौलाला सोडले, आणि तेच पत्र तीमथ्याला सांगते की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके आण, ही विनंतीही तिथेच आहे. हे पत्र स्वतः पौलाचे की त्याच्या शिष्यपरंपरेतले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि कलस्सैकरांस पत्राबद्दलही आहेत, ही नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. पण पत्र शिष्याचे मानले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. पौलाच्या माणसांत मार्कची आठवण ‘उपयोगी’ अशी राहिली होती, ‘सोडून गेलेला’ अशी नव्हे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तो ‘माझा मुलगा मार्क’ आहे, आणि दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या पापियासने, ज्याचे शब्द मंडळीचा इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले, त्याला पेत्राचा दुभाषी म्हटले व प्रभूची वचने आणि कृत्ये लिहून ठेवणारा म्हणून त्याची ओळख दिली.

यांत मला सर्वांत बोलके वाटते ते कलस्सैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातील वाक्य. मार्कसह ज्यांची नावे तिथे आहेत त्यांच्याबद्दल म्हटले आहे की ते मला सांत्वन झाले. त्या सांत्वनासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कुठेही नाही. वेदना शमवण्याच्या अर्थाने तो वैद्यही वापरत. अंत्युखियात मार्कच्या नावाने जो उबाळा आला होता, त्यावर तुरुंगात उतारा म्हणून मार्कच आला.

त्याच वाक्यात मार्कची ओळख ‘बर्णबाचा भाऊ’ अशी करून दिली आहे. पत्रात बर्णबा उरला आहे तो एवढ्याच नात्यापुरता. आणि त्याला जोडून कलस्सैच्या मंडळीला सूचना आहे की त्याच्याविषयी तुम्हाला आज्ञा मिळालेल्याच आहेत, तो तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा. म्हणजे इतक्या वर्षांनीही एखाद्या दूरच्या मंडळीला मार्कविषयी मुद्दाम सांगावे लागत होते, आणि यरुशलेमला ज्याच्यासाठी कोणीतरी शब्द टाकला होता, त्याच्याच नावाच्या पत्रातून आता मार्कसाठी शब्द टाकला जात होता.